कबुतरं की अळंबी

जुन्नर,
१४ नोव्हेंबर २०२४

नुमान,

अस्सलाम अलैकुम. माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस आणि अब्बांचा फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. तुझा दोस्त हमजा आळ्याहून बाजाराला येतो, तो याचा फोटो काढून तुला मस्कतला पाठवेल. त्याला तू अजून ब्लॉक केलेलं नाहीस, असं तो मोठ्या तोऱ्यात सांगतो. मराठीत लिहितेय, कारण आपण दोघं मराठी शाळेत शिकलो आणि तुझं उर्दू मला चांगलं माहीत आहे.

भांडण उकरून काढायला लिहीत नाही. खालची खोली अब्बांनी तुला मोबाईलच्या दुकानासाठी कबूल केली होती. मी तलाक होऊन परत आले आणि ती त्यांनी मला अळंबी पिकवायला दिली. तू चिडून गेलास. त्याचं मला पूर्वी फार वाटायचं. आता खरं सांगते, काही वाटत नाही. सकाळी उठते, पेंढ्याच्या बेडवर पाणी फवारते, अळंबी पाकिटात भरते, आळेफाट्याच्या हॉटेलची गाडी आली की देते. दिवस जातो.

कामाचं असं की अब्बांची छाती बिघडली आहे. संध्याकाळ झाली की बारीक ताप, कोरडा खोकला, आणि जिना चढताना मधल्या पायरीवर टेकायला लागतं. बांगड्यांची पेटी घेऊन महाळुंगे पडवळला गेले की अर्धी आळी करून परत येतात. आधी टीबी वाटला, तो निघाला नाही. शेवटी पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी छातीचे फोटो दिव्याला लावून पाहिले आणि विचारलं, "घरी कबुतरं आहेत का?"

अब्बा म्हणाले, "हायेत. माझी न्हाईत, पोराची हायेत."

म्हणजे बघ, तू जाऊन दोन वर्षं झाली, दाणे हे टाकतात, गच्चीवरची ढाबळ हे झाडतात, आणि कबुतरं अजून पोराचीच. डॉक्टर लिहायला लागले तेवढ्यात मी आगाऊपणा केला. म्हटलं, खालच्या खोलीत मी धिंगरी अळंबी पिकवते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी जे सांगितलं ते असं. कबुतराच्या पिसांची आणि विष्ठेची बारीक धूळ असते, अळंबी पिकली की तिच्या छत्रीखालून बारीक पांढरी पूड गळते. कुणाच्या छातीला पहिली सोसत नाही, कुणाच्या छातीला दुसरी. दुखणं मात्र दोन्हीचं हुबेहूब एकच, ताप तोच, खोकला तोच. अब्बांच्या रक्ताने दोन्हीला थोडं थोडं हो म्हटलंय. दोन्ही बंद करा, म्हणाले. अगदीच जमत नसेल तर आधी एक बंद करून बघा, पण लवकर बघा, कारण फुप्फुस एकदा कडक झालं की परत मऊ होत नाही.

येताना एसटीत नारायणगाव आलं तसे अब्बा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कबुतरंच असतील."

सकाळी जिन्यात उन्हाची तिरीप येते त्यात मी उभी राहून पाहिलं. वरून धूळ येते, खालून धूळ येते आणि मध्ये एक होते. कुठली तुझी आणि कुठली माझी ते कळत नाही. एवढं मात्र खरं की कबुतरं गच्चीवर बारा-चौदा वर्षं आहेत आणि अळंबी दोन वर्षांची. मला हे एसटीतच सुचलं होतं. मी बोलले नाही.

कबुतरं तुझी आहेत. काय करायचं ते हमजाला कळव.

तुझी आपा,
समरीन


जुन्नर,
८ डिसेंबर २०२४

नुमान,

अस्सलाम अलैकुम. हमजाने दाखवलं, तू पत्र वाचलं आहेस. उत्तर नाही. ठीक.

अब्बांनी स्वतःच ठरवलं. हमजा टेम्पो घेऊन आला आणि सगळी कबुतरं आळ्याला घेऊन गेला. मी त्याला बजावलं होतं, पंखांना दोरा बांधून ठेव, निदान थोडे दिवस तरी. पण हमजा तो हमजाच. त्याला त्यांची दया आली. शुक्रवारी नमाजनंतर त्याने दोरे सोडले, आणि त्याचा फोन यायच्या आत तुझी कबुतरं आपल्या गच्चीवर होती.

अब्बा ओट्यावर बांगड्या निवडत होते. डोक्यावरून फडफड गेली तशी हातातला जोड तसाच टाकून उठले. त्यांना वर जायला मनाई आहे. गेले. मी मागून जाते तर हे ढाबळीला पाठ लावून बसलेत, धाप लागली आहे आणि हसताहेत. "आली रं आली, वाट इसरली न्हाईत," असं पुन्हा पुन्हा. तो लाल डोळ्यांचा काळा नर त्यांच्या मांडीवर चढला होता. इतकं खूश मी त्यांना अम्मी गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटला. एवढ्या दिवसांत तेवढंच काय ते वाटलं.

कबुतरं आळ्याला होती तेवढे दिवस ताप आला का, हे मी त्यांना विचारलं. डॉक्टरांना तेच हवं होतं. अब्बा म्हणाले, "न्हाई. लई हलकं वाटलं." लगेच म्हणाले, विचारही न करता.

म्हणजे कबुतरंच. सगळ्यांना तेच पटतंय. आहुप्याचा भागू मला भाताचा पेंढा आणून देतो, त्यालाही. तो म्हणाला, "ताई, आमच्या रानात अळंबी पोत्यानं निघती. त्येनं कुनाची छाती भरल्याली म्या तर न्हाय बघितली." कबुतरावर आळ घ्यायला मात्र सगळी गल्ली तयार आहे. ते घुमतं, घाण करतं, शेजारच्या वाळवणावर उतरतं. अळंबी बिचारी अंधारात ओल धरून गप्प बसते. खायला मागत नाही, ओरडत नाही. तिच्याविरुद्ध कोण बोलणार?

मीही बोलले नाही. खोली माझी, हॉटेलची गाडी माझी. या दोन गोष्टी सोडल्या तर माझं म्हणावं असं काही नाही, आणि हे तुला सर्वांत जास्त माहीत आहे.

समरीन


जुन्नर,
१९ जानेवारी २०२५

नुमान,

कबुतरं विकली. संक्रांतीच्या आधीच्या बाजारात नाशिकच्या पलीकडचा एक माणूस भेटला, त्याने सगळी घेतली. एवढ्या लांबून ती परत येणार नाहीत, असं तो म्हणाला. मी त्याच्याकडून चारदा वदवून घेतलं.

अब्बांनी एकेक कबूतर स्वतः पकडलं. माझ्याकडे द्या म्हटलं तर ऐकेनात. प्रत्येक छातीशी धरलं, पंख उघडून पाहिला, चोच पाहिली आणि मग पेटीत सोडलं. काळ्या नराला सोडताना तोंडाने काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. मग मी ढाबळ फिनेलने धुतली, फळ्या उतरवल्या. हमजा तुला फोटो पाठवतो म्हणाला होता, मीच नको म्हटलं.

मला वाटलं होतं, हे वाचून तरी तू शिव्या द्यायला फोन करशील.

अब्बा बरे आहेत. म्हणजे तसं म्हणतात. संक्रांतीच्या बांगड्या भरायला महाळुंगे पडवळलाही जाऊन आले. आता पहाटेची अळंबी तेच काढतात. मला उठू देत नाहीत. "तुजी झोप व्हऊ दे, म्हाताऱ्याला तसंबी पहाटं जाग येती." थंडीत पीक जोरात आहे. मी आणखी दोन मांडण्या लावल्या. हॉटेलवाला रोज मागतो, मंचरचा एक जण मागतोय. तोंडाला फडकं बांधून आत जा म्हटलं तर म्हणतात, फडक्यात गुदमरतं.

आपा


जुन्नर,
६ मार्च २०२५

नुमान,

रमजान मुबारक.

अब्बा रोजे धरत नाहीत. औषधं आहेत, डॉक्टरांनी मना केलंय, पण त्यांना लाज वाटते. कुणी दारावर आलं तर पाण्याचा पेला चादरीखाली लपवतात. घरी हवेचं मशीन आणलंय. नाकाला नळी लावून दिवसातला बराच वेळ त्यावर असतात. ते घरघरत असतं. पहिले काही दिवस मला झोप लागली नाही, आता ते बंद पडलं तर जाग येते.

मागच्या आठवड्यात पुण्याला गेलो होतो. डॉक्टरांनी नवे फोटो आणि जुने फोटो शेजारी शेजारी लावले. मला त्यातलं कळत नाही, पण पांढरं वाढलेलं कळलं.

"कबुतरं काढली?"

"काढली," अब्बा म्हणाले.

"आणि ती अळंबी?"

मी तोंड उघडायच्या आत अब्बा म्हणाले, "ती तर कवाच बंद क्येली."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते डॉक्टरांकडे बघत होते, अगदी सरळ, मांडीवर हात ठेवून. नुमान, आपले अब्बा खोटं बोलत नाहीत. गिऱ्हाइकाला सुद्धा म्हणतात, ही काच कच्ची आहे, घेऊ नका. मी तिथे बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाले, "डागतरला काय, सगळंच बंद करा म्हणतो. कबुतरं गेली, आता छाती हळूहळू सुधारंल." मी बरं म्हटलं आणि औषधं घ्यायला गेले.

तुला हे का सांगतेय ते मला माहीत नाही. कुणालातरी माहीत असावं म्हणून. पहाटेचं काम मी त्यांच्याकडून काढून घेतलं आहे. पण खोली त्यांच्या खाटेच्या खालीच आहे. आपल्या घराची फळ्यांची तक्तपोशी तुला माहीत आहे, खालच्या दिव्याचा उजेड फटींतून वर दिसतो.

समरीन


जुन्नर,
२७ एप्रिल २०२५

नुमान,

हे पत्र नीट वाच. हमजाला सांगितलंय, फोटो साफ काढ.

महाळुंगे पडवळच्या प्रयागबाई तुला आठवत असतील. लहानपणी अब्बांबरोबर गेलो की आपल्याला शेंगा द्यायच्या त्या. त्यांच्या नातीचं, अक्षदाचं लग्न आहे. त्या घरातला लग्नाचा हिरवा चुडा आजवर आपल्याच घरातल्या माणसाने भरला आहे. अब्बांना जाता येत नाही. त्यांनी मला पाठवलं. मनात नव्हतं त्यांच्या, पण शब्द दिलेला होता.

ओसरीवर बायका जमल्या होत्या. मी पेटी उघडली तशी लंकाबाई म्हणून कुणी चुलती होती, ती म्हणाली, "परत आलेल्या बाईच्या हातनं चुडा भरायचा व्हय?" माझ्यासमोरच. मला काही लागलं नाही, असलं ऐकून माझे कान निबर झालेत. प्रयागबाईच उसळल्या. "गफूरभाऊची लेक हाय ती. तिच्या हाताला काय काटं हायेत का? तुला भरायच्या नसतील तर उठ." अक्षदाने हात पुढे केला. अंगठ्याच्या सांध्यात मला दाबता येईना, दोन बांगड्या माझ्या हातून कटकन वाढल्या. ती पोर हसली, म्हणाली, "भरा ताई, मला दुखत नाय."

शेवटी प्रयागबाईंचा हात माझ्या हातात होता. तुला ठाऊक आहे, बांगडी भरताना माणूस हात सोडवू शकत नाही आणि मग बोलत बसतं. त्यांनी माझ्या ओढणीकडे पाहिलं. खांद्यावर पांढरी पूड होती, सकाळची.

"आजून ती अळंबी काढतीस तू?"

"काढते ना."

त्यांनी मोकळ्या हाताने ती पूड झटकली. मग म्हणाल्या, "म्या तुज्या बापाला शबूद दिला व्हता. पर आता गप ऱ्हायले तर मलाच पाप लागंल. संक्रांतीला आला तवा हितंच बसून धाप टाकत व्हता. म्हनला, प्रयागबाई, कबुतरं आळ्याला व्हती तवाबी रोज ताप येतच व्हता. अळंबी काढली की सांजच्याला ताप. म्हंजी तीच हाय. म्या म्हनलं, आवं मंग कबुतरं कशापायी इकली? तर म्हनला, कायतरी इकल्याबिगर पोरगी आयकंना. मशिदीत हौदापाशी जाऊन खोकतो म्हनला, घरात न्हाई."

मी विचारलं, का.

"तुज्यापायी, दुसरं काय. म्हनला, पोरगी पेटी घ्येऊन दारोदार फिरली तर लोकं तिला काय काय बोलतील. त्या खोलीत तिला कुनाचं आयकावं लागत न्हाई. आन आता आयकलंस न्हवं तू, मगाशी लंकीचं?"

मी त्यांच्या हातातल्या बांगड्या पूर्ण भरल्या. मग आणखी तिघींच्या भरल्या. अक्षदाने वाकून नमस्कार केला, बांगड्या भरणाऱ्याला करतात तसा. त्यांनी तांदूळ, नारळ दिला, जेवायला वाढलं. मी जेवले. पुरणाची पोळी होती, दोन खाल्ल्या. मंचरच्या गाडीत बसल्यावर मला वाटलं आता रडू येईल. नाही आलं.

तुझ्या कबुतरांनी काही केलं नव्हतं, नुमान. अब्बांना हे माहीत होतं. माहीत असून त्यांनी ती विकली, माझ्यासाठी. खोली दिली तेव्हाही माझ्यासाठीच दिली होती. अब्बांना आपाच प्यारी, असं म्हणून तू भांडून गेलास ते खरं होतं, हे तुला कळावं म्हणून लिहिलं. त्याची किंमत ते कशाने देताहेत हेही कळावं.

आपा


जुन्नर,
११ मे २०२५

नुमान,

खोली रिकामी केली. भागू आणि मी मिळून सगळे बेड पोत्यांत बांधून बाहेर काढले, ते त्याने शेतात खताला नेले. मांडण्या सोडल्या, भिंती धुतल्या, चुना मारला. ते चाललं होतं तेवढे दिवस अब्बांना मशीनसकट मामूंकडे ठेवलं होतं. हॉटेलवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तो भाव वाढवून देतो म्हणाला. हॉटेलवाल्यांना नेमकं नको तेव्हा सुचतं.

अब्बांना सांगितलं की मार्केट पडलं, उन्हाळ्यात पीक येत नाही, आणि मला बांगड्यांचं काम आवडायला लागलंय. महाळुंग्याच्या बायका म्हणाल्या, पुढच्या वेळी पोरीलाच पाठवा. हे शेवटचं खरं आहे. अब्बांनी ऐकून घेतलं.

"प्रयागबाईनं सांगितलं व्हय?"

"काय सांगितलं?" मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. खोटं बोलायला मी त्यांच्याकडूनच शिकलेय, त्यामुळे कुणाचंच लपलं नाही. मग ते म्हणाले, "पेटी आन. दोन वाढल्या म्हनं तुज्या हातनं." हे त्यांना हमजाने सांगितलं असणार, त्याच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी नळी नाकाला तशीच ठेवून माझा हात घेतला आणि अंगठ्याखालचं हाड कसं आत दाबायचं, चार बोटं कशी एकावर एक मिटवायची, बांगडी ढकलायची नाही तर हात तिच्यातून ओढायचा, हे दाखवलं. एका वाक्याला तीनदा थांबावं लागतं त्यांना. हिरव्या काचेच्या सहा बांगड्या त्यांनी माझ्या हातात भरल्या. तलाकनंतर मी काच घातली नव्हती. एकही वाढली नाही. मग ते थकून झोपले आणि मी तिथेच बसून रडले, बऱ्याच दिवसांनी, मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही म्हणून जरा मोठ्यानेच रडले.

संध्याकाळचा ताप गेला आहे. डॉक्टरांना मी सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, मला त्यांनी रागवायला हवं होतं. म्हणाले, जेवढं फुप्फुस कडक झालंय ते आता तसंच राहील. उरलंय तेवढ्यावर किती दिवस निघतील, ते सांगता येत नाही.

मी तुला परत ये म्हणत नाही. सुट्टी, तिकीट, तुझा राग, यातलं माझ्या हातात काही नाही. फक्त एक फोन कर. अब्बांच्या नंबरवर कर, तो मी त्यांच्या उशाशी ठेवते. कबुतरांबद्दल बोलायचं असेल तर बोल, शिव्या द्यायच्या असतील तर मला दे, मी शेजारीच असते. ते फोनवर फार बोलू शकणार नाहीत. तुला पलीकडून घरघर तेवढी ऐकू येईल. लाईन खराब आहे समजून लगेच ठेवू नकोस. ते ऐकत असतील.

तुझी आपा,
समरीन